हद्दीबाहेरचे पुस्तक

परवा रात्री मामांचा फोन आला. "काय रे, मामाला पुस्तक विकायचे नाही, असे ठरवले आहेस की काय?"

ज्या मामांनी माझे बोट धरून मला वाचनालयाची पायरी चढवली, ते हल्ली मुलाकडे न्यू जर्सीत असतात. छापील अक्षर आता त्यांना दिसत नाही. ई-पुस्तकात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून त्यांनी नातवाला माझी कादंबरी घ्यायला सांगितले. तर पडद्यावर उमटले, 'हे पुस्तक आपल्या देशात उपलब्ध नाही.'

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण पुस्तकांचा नकाशा निराळाच आहे. वडिलोपार्जित शेताचे तुकडे पाडावेत तसे पुस्तकाचे हक्क मुलूखवार वाटले जातात. आपण स्वतंत्र झालो त्याच १९४७ साली ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात करार करून साम्राज्याचा जुना मुलूख पुस्तकांपुरता स्वतःकडे राखला. अमेरिकेतील खटल्यामुळे १९७६ साली तो करार मोडला; वाटणीची रीत मात्र उरली. शिवाय प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. ऑर्वेल १९५० साली वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणून त्याची '१९८४' ही कादंबरी येथे २०११ पासून मोकळी झाली. अमेरिकेत ती २०४४ अखेरपर्यंत बांधलेली आहे. किमतीचेही तसेच. प्रकाशक गिऱ्हाइकाचा खिसा पाहून देशोदेशी निराळा भाव लावतो, वर सरकारचा कर. २०१७ साली आपल्याकडे जीएसटी आला, तेव्हा छापील पुस्तकाला कर नव्हता आणि ई-पुस्तकाला १८ टक्के होता! पुढच्या वर्षी, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता, तो ५ टक्क्यांवर आला.

हे सारे मामांना सांगून मी प्रकाशकावर खापर फोडणार होतो. तत्पूर्वी ट्रंकेतला करार काढला. 'विक्रीक्षेत्र : भारत.' खाली माझीच सही! आपले पुस्तक आता फोनवर दिसणार, या आनंदात मी न वाचताच ती ठोकली होती. मुलांना मात्र रोज सांगतो, प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा.

प्रकाशकांना पत्र टाकले आहे. उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ मामांच्या वयाला आहे का, कोण जाणे. म्हणून रोज रात्री जेवणे झाली की त्यांना फोन लावतो आणि एक प्रकरण वाचून दाखवतो. तिकडे सकाळ असते. मोठ्याने वाचण्याला करारात मनाई नाही. या खेपेस नीट पाहिले आहे.

उद्या सातवे प्रकरण. त्यातला म्हातारा कोणावरून घेतला आहे, हे मामांना अजून ठाऊक नाही.