जरीमरीच्या आकाशांतील रंग

मुंबईस येणारा पाहुणा राणीचा बाग पाहतो, गेटवेपाशीं घटकाभर उभा राहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि मुंबई पाहिल्याच्या समाधानांत आपल्या गांवीं परततो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील जरीमरी त्याला कोणी दाखवीत नाहीं. साथीच्या रोगांपासून राखणाऱ्या देवीचें नांव धारण करणारी ही दाट वस्ती विमानतळाच्या पूर्व टोंकास अगदीं खेटून आहे. वारा पश्चिमेचा असला म्हणजे विमानें घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूनें येतात आणि येथील पत्र्यांवरून इतकीं खालून जातात कीं, चाकें मोजून घ्यावींत. बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर थांबवितो आणि विमान उतरल्यावर त्याच शब्दापासून पुढें सुरू करतो.

आम्ही तेथें गेलों तें विमानांचे रंग पाहण्यासाठीं. पुष्कळांस हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु ज्यांस पक्ष्यांच्या पिसांवरून पक्षी ओळखण्याची हौस आहे, त्यांस या छंदाचें मर्म समजावून सांगण्याचें कारण नाहीं. विमानाच्या अंगावरील रंग हें कंपनीचें कुंकू होय. तें मिरविलें जातें, आणि कंपनी बुडाली म्हणजे आधीं तेंच पुसलें जातें.

बहुतेक विमानांचें अंग पांढरें असतें. पांढरा रंग ऊन परतवितो, त्यावर तडा किंवा तेलाचा ओघळ चटकन दिसतो, आणि विमान दुसऱ्यास विकतांना पुन्हां रंगविणें सोपें पडतें. रंगालाहि वजन असतें. थोरल्या विमानावर तें कांहींशे किलो भरतें, आणि तितकें ओझें दर फेरीस वाहावें लागतें. अमेरिकन एअरलाइन्सनें अनेक वर्षें आपलीं विमानें न रंगवितां चांदीच्या भांड्यांसारखीं घासून ठेविलीं. धातूऐवजीं नव्या संमिश्र द्रव्यांचीं विमानें आलीं, तीं घासून चमकेनात, तेव्हां २०१३ सालीं ती चाल सुटली. कॉंकॉर्डची गोष्ट तर याहून मौजेची. १९९६ सालीं एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठीं तें निळें रंगविण्यांत आलें. त्या गडद रंगानें अंग अधिक तापतें, म्हणून ध्वनीच्या दुप्पट वेगानें वीस मिनिटांहून अधिक उडूं नये, असें बंधन वैमानिकांस पाळावें लागलें!

आपल्याकडील सर्वांत सुंदर रंगकाम आमच्या मतें एअर इंडियाचें होतें. १९७१ सालीं या कंपनीनें पहिलें बोइंग ७४७ आणलें व त्यास ‘सम्राट अशोक’ हें नांव दिलें. त्याच्या प्रत्येक खिडकीभोंवतीं राजस्थानी झरोक्याची तांबडी महिरप काढली होती, आणि ‘आकाशांतील आपला महाल’ अशी त्याची जाहिरात होत असे. पुढें १ जानेवारी १९७८ रोजीं हेंच विमान मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळांत वांद्र्याच्या समुद्रांत कोसळलें आणि त्यांतील २१३ जीव गेले. त्या महिरपी मात्र इतर विमानांवर पुढें कित्येक वर्षें राहिल्या. २०२३ सालीं कंपनीनें नवा वेष जाहीर केला, त्यांत त्या नाहींत. नवा वेष नेटका आहे, हें आम्ही मान्य करतों. पण महिरप गेली ती गेलीच.

आणि महिरपच कशाला? इंडियन एअरलाइन्सचें नारिंगी शेंपूट, जेटचा निळ्यावरील सोनेरी सूर्य, किंगफिशरचा तांबडा थाट, व्हिस्ताराचा वांगी रंग, हे सर्व याच आकाशांत आमच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. किंगफिशर २०१२ सालीं थांबली, जेट २०१९ सालीं. व्हिस्तारा २०२४ सालीं एअर इंडियांत विलीन झाली. आज देशांतील निम्म्याहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या निळ्या विमानांतून जातात. जरीमरीस तासभर उभे राहिल्यास निळ्यामागून निळें येतें, मग एखादें तांबडें, आणि पुन्हां निळें. जे रंग गेले, त्यांचा पुरावा जपला आहे तो बहुतांशीं हौशी लोकांच्या छायाचित्रांनीं. आणि त्यांना त्याची एक पैही मिळालेली नाहीं.

असें असतां या हौशी लोकांकडे सरकारी नजर संशयानेंच पाहते. १९३७ सालच्या विमानविषयक नियमांतच सरकारी विमानतळावर परवानगीवांचून छायाचित्र घेण्यास मनाई होती. ग्रीसमध्यें २००१ सालीं कालामाता येथें बारा इंग्रज व दोन डच हौशी गृहस्थ हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. त्यांना दोषी ठरविणारा निकाल वरच्या न्यायालयानें २००२ सालीं फिरविला. दिल्लीसहि २०१० सालीं दोन इंग्रजांवर असा प्रसंग आला होता. जरीमरीस एका शिपायानें आम्हांस एवढेंच म्हटलें, “काका, कॅमेरा पिशवींत ठेवा, डोळ्यांनीं बघा.” त्याचें म्हणणें आम्हीं ऐकलें. विमानतळाची सुरक्षितता ही थट्टेची गोष्ट नव्हे. परंतु ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि नांवनोंदणी एवढ्यानें दोन्ही बाजूंचें समाधान होण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

तोंवर घरांतील मुलांस वही पुरे. प्रत्येक भारतीय विमानावर ‘व्हीटी’ हीं दोन अक्षरें व पुढें तीन अक्षरें असतात. इंग्रज अमदानींतील हीं खूण स्वातंत्र्यानंतरहि तशीच राहिली. ती टिपावी, तारीख लिहावी, शेंपटाचा रंग खडूनें भरावा. परवानगी मिळून छायाचित्र घेण्याचा योग आलाच, तर ऊन पाठीशीं ठेवावें आणि दुपार टाळावी, कारण धांवपट्टीवरून उठणाऱ्या वाफाऱ्यानें चित्र पाण्यांत हालल्यासारखें उमटतें. पंख्याच्या विमानास फार जलद टिपूं नये. पातीं थिजलेलीं दिसतात व विमान हवेंत टांगल्यासारखें वाटतें. पावसाळा मात्र सोडूं नये. मुंबईच्या दमट हवेंत उतरतांना पंखांवर पांढरी वाफ धरते, ती इतर ऋतूंत क्वचितच दिसते.

२२ एप्रिल २०२४ रोजीं एअर इंडियाच्या अखेरच्या ७४७ विमानांपैकीं ‘आग्रा’ नांवाचें विमान, व्हीटी-ईव्हीए, विकलें जाऊन मुंबईहून अमेरिकेस निघालें. धांवपट्टी सुटल्यावर वैमानिकानें पंख एकदां एका बाजूस व एकदां दुसऱ्या बाजूस झुकविला. तो निरोप ज्यांनीं टिपला, त्यांच्यामुळें तो देशभर घरोघरीं पाहिला गेला.