पहिल्या चोरीचा शिक्का आमच्याच पोरांवर का?

मोबाईल चोरताना सापडलेलं पोरगं आपल्या वस्तीतलं असलं की आपलीच माणसं दोन गोष्टी बोलतात. "पोलिसांनी मुद्दाम अडकवलं" नाहीतर "सडू द्या, समाजाचं नाव घालवलं." बोलणाऱ्यांपैकी ठाण्यात मात्र कुणी जात नाही. आम्ही जातो, म्हणून लिहितो आहोत.

बंगल्यातल्या पोरानं हेच केलं तर "वय आहे, चुकलं" म्हणून काकांच्या एका फोनवर मिटतं. आमच्या पोरांना असा काका नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण पारधी वस्तीकडे बघणारी नजर कुठं गेली?

आणि गंमत अशी की सुधारण्याची संधी कायद्यातच लिहिलेली आहे. अठराच्या आतल्या पोराला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही तर प्रकरण बंद. समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, असे आदेश बाल न्याय मंडळ देतं. पण आईबाप रोजंदारीवर, कागद शाळेत, आणि ठाण्यात वय लागतं "अंदाजे १९". शाळेचा जन्मतारखेचा दाखला वेळेत नेऊन दाखवणं हेच आमचं अर्धं काम.

खऱ्याखुऱ्या एकोणीस-वीसच्या पोरांसाठी १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. एकविसाच्या आतल्याला, जन्मठेपेचे गुन्हे सोडून, तुरुंगात धाडायचं तर न्यायाधीशाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, कारणं लिहावी लागतात. नव्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, वस्तू परत केली तर, समाजसेवेवर भागते. तरी पोराला सांगितलं जातं, "कबूल कर, दंड भर, सुटशील." सुटतं खरं. पण परिविक्षेवर सुटलेल्याला कलम १२ चं संरक्षण असतं, दंड भरून सुटलेल्याला नाही. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत हे कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

मोर्चातल्या पोरांनीही ऐकावं. तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण नोकरी देणारा सोडून देऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात म्हटलंय. फॉर्मात माहिती मात्र खरी भरा.

जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, वकिलाला जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना एक सांगतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ठाण्यात जाताना जातीचा दाखला सोबत ठेवा.