वाचून काय मिळतं, हा प्रश्न आम्हालाच का?

‘हे वाचून काय मिळणार?’ हा प्रश्न आम्हाला आजवर जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा आमची जातही कुणी विचारली नसेल. (जात आमच्या भागात विचारावी लागत नाही, आडनाव ऐकलं की काम भागतं.)

हा प्रश्न विचारणारे बहुतेक आपलेच असतात. हिंगोलीतल्या अभ्यासिकेत सकाळी सहापासून जागा धरून बसलेली पोरं विचारतात. त्यांच्यापुढे पोलीस भरतीचे, तलाठी भरतीचे, एमपीएससीचे ठोकळे असतात. आमच्या पिशवीत एखादी कादंबरी दिसली की म्हणतात, भाऊ, तुम्हाला बरा वेळ सापडतो. त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही. घरची कोरडवाहू जमीन आणि वाढतं वय या दोन्हींकडे बघत ती पोरं बसलेली असतात. दुसरीकडे चळवळीतले ज्येष्ठ. त्यांचं म्हणणं, कथा-कादंबरी म्हणजे करमणूक, वाचायचं तर वैचारिक वाचा. म्हणजे दोन टोकांची माणसं एका गोष्टीवर एकमत आहेत: आपल्या माणसानं वाचायचं ते कामापुरतं. नुसत्या आनंदासाठी वाचणं ही ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून पुस्तकांचं कपाट आहे त्यांची चैन.

आम्हाला हे मान्य नाही. जे वाचन आमच्यापासून हजारो वर्षं हिरावून घेतलं, त्यातला फक्त उपयोगाचा भाग तेवढा परत घ्यायचा आणि आनंदाचा भाग त्यांच्याकडेच ठेवायचा, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. अठरा-अठरा तास अभ्यास, राजगृहातली ग्रंथसंपदा, परदेशातून पाठवलेली पुस्तकं 1917 साली जहाजासोबत समुद्रात बुडाली तो प्रसंग. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण धनंजय कीरांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण भाषणात सांगत नाही. बाबासाहेबांना हेलावून सोडणारी पुस्तकं कोणती, तर टॉलस्टॉयचं चरित्र, व्हिक्टर ह्यूगोची ‘ला मिझराब्ल’ आणि थॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’. तिघांतल्या दोन कादंबऱ्या! त्यातली एक तर मेंढपाळाच्या प्रेमाची. घटनेची कलमं लिहिणारा माणूस कादंबरीनं हेलावत होता, हे सांगायला आपल्याला संकोच का वाटावा? आणि मुळात 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाला केळुसकर गुरुजींनी जे बुद्धचरित्र भेट दिलं, ते कुठल्या परीक्षेला लावलेलं होतं?

आमच्या घरात अभ्यासक्रमाबाहेरचं पहिलं पुस्तक आलं ते आम्ही कॉलेजात असताना. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’. एका सार्वजनिक वाचनालयातून अनामत रक्कम भरून आणलेलं. (हे पुस्तक 1979 चं. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला शासकीय खंडही त्याच वर्षी निघाला. तो खंड आमच्या विहाराच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे यावरून दर जयंतीला वाद होतो. असो.) दिवस हळदीच्या काढणीचे. माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात कंद मोडून हळकुंडं वेगळी करायची. ती चौथी शिकलेली, बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचणारी. रात्री चूल विझवल्यावर आमचं पुस्तक घेऊन बसली. आईबाप गेलेलं पोर बहिणीच्या घरी वाढतं, पोटभर भाकरीसाठी तोंडाकडं बघत राहतं, तिथवर आली आणि थांबली.

“असं बी लिवतेत व्हय पुस्तकात?” एवढंच म्हणाली.

नंतर ती एका जागी हसली. खूप हसली. कुठल्या जागी ते आम्हाला आठवत नाही, पण दुःखाच्या पुस्तकात हसण्यासारखं तिला सापडलं, कारण भाषा तिची होती. मराठवाड्याची बोली छापलेली बघून तिला जे झालं त्याला मनोरंजन म्हणायचं की प्रबोधन, हे समाजशास्त्रात एम.ए. करूनही आम्हाला ठरवता आलेलं नाही.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा पानापानावर पिवळी बोटं उमटलेली होती. पुस्तक खराब केलं म्हणून अनामत कापून घेतली. तेव्हा चार लोकांत फार अपमान वाटला. आज वाटतं, सौदा बरा झाला. पैसे गेले, पुस्तक आमच्याकडे राहिलं.

एम.ए.ला असताना एम. एन. श्रीनिवास वाचले. अभ्यासक्रमात होते म्हणून वाचायला घेतले, आणि सांगायला हरकत नाही, ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ आवडीनं वाचलं. म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात 1948 मध्ये ते राहिले होते. आपला भाग निजामाच्या राजवटीतून सुटला तेच हे साल. 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या टिपणांच्या प्रती जळाल्या आणि त्यांनी आठवणीवरून पुस्तक लिहिलं. सुंदर लिहिलं आहे. पण आठवणीत राहायला माणूस आधी तिथं जावा लागतो. आपलं चित्रण बरंचसं वरच्या जातींच्या बाजूनं आलं, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे कबूल केलं आहे.

सोनकांबळेही आठवणीवरूनच लिहितात. त्यांच्याकडे जळायला टिपणंच नव्हती. एकाच्या आठवणीला समाजशास्त्र म्हणतात, दुसऱ्याच्या आठवणीला आत्मकथन. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली नसती तर हा फरक आमच्या ध्यानात आला नसता, आणि त्यातलं एक पुस्तक कुठल्याही पेपरला नव्हतं.

आता विहाराविषयी. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. एक मुलगी वाचते, बाया ऐकतात, पुरुष मागे भिंतीला टेकून बसतात. पुष्कळ वर्षं हे वाचन पोथीसारखंच चाललं होतं, आणि त्यात आमचाही हात होता. कितवं पान झालं याचा हिशेब आम्हीच ठेवायचो.

दोन वर्षांपूर्वी रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आला. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडलं ही कथा बाबासाहेबांना पटत नव्हती. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्यानं हे काहीच पाहिलं नसेल, हे कसं शक्य आहे? म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातला पाण्याचा वाद पुढे आणला. मुलगी वाचत होती आणि मागून एक आजी म्हणाली, “म्हंजी हे पाटाच्या पाण्याचंच भांडण की!” सगळ्या हसल्या. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलं की कुणाच्या रानात आधी जातं, हे त्या बायांना पाठ्यपुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

मग यशोधरेचा निरोप आला. बाबासाहेबांचा सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून जात नाही. तो तिला सांगतो, ती संमती देते. तीच आजी म्हणाली, “तिला खरंच राग आला नसंल का? लेकरू तान्हं व्हतं.”

मागे भिंतीजवळ कुणीतरी खाकरलं. आणि आम्ही म्हणालो, “पुढं वाच.”

हे शब्द आमचेच आहेत. ज्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब चार प्रश्न मांडतात, त्या ग्रंथावर एका बाईनं प्रश्न केला आणि आम्ही, वाचनाच्या आनंदावर भाषणं देणारे, पान उलटायला सांगून मोकळे झालो. त्या रात्री घरी मायनं विचारलं, “तिला कामून गप केलं?” उत्तर नव्हतं. मायच पुढं म्हणाली, “मला बी तेच इचारायचं व्हतं.”

गेल्या वर्षावासात तो भाग पुन्हा आला तेव्हा मुलीला तिथंच थांबवलं. आजीला म्हटलं, तुमचा मागचा प्रश्न राहिलाय. ती आधी लाजली. मग बोलली. मग दुसरी बोलली, जिचा नवरा ऊसतोडीला गेला तो सात वर्षं आला नव्हता. एक सून म्हणाली, सांगून गेला हेच मोठं, आमच्यात सांगतंय कोण? त्यावर दोघींचं चांगलंच जुंपलं. मायनं तर यशोधरेची बाजू घेऊन असं काही ऐकवलं की ते इथं छापता येणार नाही. पान एकच झालं होतं. अंधार पडला, बल्ब लावला, भिंतीजवळचे एक काका घड्याळ दाखवत म्हणाले, सरणत्तय घ्यायचं का आज?

आजी म्हणाली, “थांबा जरा, हिचं व्हऊ द्या.”