फोटोच्या कडेला उभी असलेली बाई

वाढदिवस असो, बार मित्झवा असो, हल्ली घरचा फोटो छापलेले कप वाटण्याची पद्धत पडली आहे. हिब्रूत सेफेल, दुकानात मग. मराठीत ‘मग’ म्हणजे ‘नंतर’, म्हणून इथे कपच म्हणू.

नेहमीच्या चहाच्या कपावर छापायला साधारण 20 सेंटिमीटर रुंद आणि 9 सेंटिमीटर उंच पट्टी मिळते. कान सोडून ती कपाला गुंडाळली जाते. जुने घरगुती फोटो बहुधा पोस्टकार्डाएवढे, म्हणजे 14 बाय 9. पट्टी भरायची म्हणून फोटो ताणून 20 रुंद केला, तर उंची जवळजवळ 13 होते आणि वरखालची 4 सेंटिमीटर कापावी लागतात. कोणाची टोपी जाते, कोणाचे पाय, आणि पुढे मांडी घालून बसलेली मुले तर सगळीच जातात.

लोदमधल्या एका घरी आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे कप करायचे होते. फोटो रेवदंड्याच्या अंगणातल्या लग्नाचा. नातवाने नवरानवरीला मध्ये घेऊन बाकीचे छाटले. डाव्या कडेला एक बाई अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर उभी होती, ती पहिल्यांदा गेली.

“हिला का रे काढलीस?” आजींनी विचारले.

“अर्धीच आहे ना, आजी. कोण आहे ती?”

ती आजींची विधवा आत्या. आई बाळंतपणात गेल्यावर तिन्ही भावंडांना तिनेच वाढवले, आणि फोटो काढायच्या वेळी ती चुलीपाशी होती. हाक मारली तेव्हा हात पुसत येऊन उभी राहिली. तिचा दुसरा फोटोच नाही. नातवाने तिचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मग दोघांनी बसून फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहिली (बॉलपेन नको, दाबाचे वळ पुढे उमटतात). दोन चेहरे आजींनाही ओळखू आले नाहीत. ते आता बीरशेबाच्या मामेभावाला विचारायचे आहेत.

उपाय अगदी सोपा निघाला. फोटो आहे तेवढाच ठेवला, दोन्ही बाजूंना 3 सेंटिमीटर कोरी जागा. कप उजव्या हातात धरला की पिणाऱ्याला पट्टीची उजवी बाजू दिसते, डावी समोरच्याला. आत्या आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला दिसते.

छपाईला दर इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणून मूळ फोटो 600 वर स्कॅन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बारीक दाबलेला असतो. पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. या छपाईत पांढरी शाई नसते, पांढरे म्हणजे कपाचाच रंग. काळोखे फोटो आणखी काळोखे येतात, तेव्हा थोडा उजेड वाढवावा.

पण चेहरे ‘सुधारणारी’ ॲप वापरू नयेत. नातवाने एकदा वापरून पाहिले. ॲपने नथीला डाग समजून पुसून टाकले आणि गाल गुळगुळीत केले. आजी म्हणाल्या, “ही गोरीगोमटी कोण? ही माझी आई नव्हे.” धूसर का होईना, चेहरा खरा असावा.

फोटो मशिदीतला असेल (आपली जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत), तर हेखालाच्या वर पवित्र नाम लिहिलेले दिसते का ते पाहावे. कप कधीतरी फुटणार आणि केरात जाणार. त्याच्यावर ते नाम नको.

मराठी अक्षरांची वेगळीच तऱ्हा. इथल्या काही दुकानांतल्या संगणकावर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. ‘इस्राएल’ हा शब्द ‘इस्‌राएल’ होऊन येतो, आणि दुकानदाराला ते कळणार कसे? म्हणून मजकूर घरीच लिहून त्याचे चित्र करून द्यावे, आणि छापण्याआधी मराठी वाचणाऱ्याने नमुना पाहावा.

शेवटचे उलट-सुलट. कागद कपाला पालथा लावून तापवतात, म्हणून कागदावर चित्र उलटे छापायचे असते. ते दुकान करते की आपण, हे आधी विचारावे. दोघांनी उलटले तर कपावर सगळे उलटे. अक्षरे नसतील तर ते पटकन लक्षातही येत नाही. अशा वेळी नऊवारीतल्या बाईकडे पाहावे: पदर तिच्या डाव्या खांद्यावर आणि नथ डाव्या नाकपुडीत असली, की पैसे द्यायला हरकत नाही.