चालू यंत्रातून काढताना

माझं पोट ज्या विद्येवर भरतं, ती शिकवणाऱ्यांपैकी एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये बदल करताना त्या बदलाखाली 'हे का केलं' ते चार ओळींत लिहून ठेवणारी ही माणसं. त्यांचं देणं फिटणारं नाही. निदान नोंदवून ठेवावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी शहापूर तालुक्यातला, किन्हवलीकडचा. आजोळ मुरबाडला. डिप्लोमा संपवून नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला लागलो. एकेका सर्व्हरवर कितीतरी व्हर्च्युअल मशीन चालायची. ग्राहकाचं मशीन बंद न करता त्याला डिस्क किंवा नेटवर्क कार्ड जोडायचं आणि गरज संपली की चालू यंत्रातूनच काढून घ्यायचं, हे आमचं काम. या काढून घेण्याला हॉट-अनप्लग म्हणतात. जोडणं झटपट व्हायचं. काढताना मात्र स्क्रीनकडे बघत बसावं लागे, आणि यादी मोठी असली की पाळी त्यातच सरे. वेळ का लागतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं. कॉम्प्युटर आहे, घेत असेल वेळ, एवढीच माझी समज.

"अरे, लॉगमध्ये काय लिहिलंय ते वाच की आधी," असं एकदा पाळीवरचे वरिष्ठ म्हणाले. वाचलं. बटण दाबलं गेलं आहे, ५ सेकंदांत स्लॉटची वीज बंद होईल, अशा अर्थाची ओळ होती. व्हर्च्युअल मशीनला बटण कुठलं? म्हणून पीसीआय एक्सप्रेसच्या हॉट-प्लग ड्रायव्हरची फाइल उघडली, आणि तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

खऱ्या सर्व्हरवर स्लॉटशेजारी बटण असू शकतं. ते दाबलं की दिवा लुकलुकतो आणि यंत्रणा ५ सेकंद थांबते. भलतंच कार्ड काढायला निघालो हे माणसाच्या लक्षात आलं, तर तेवढ्यात बटण पुन्हा दाबून रद्द करता यावं म्हणून. वीज तोडल्यावर आणखी किमान १ सेकंद. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्लॉट नाही, दिवा नाही, बटणावर ठेवायला बोटही नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्राम बटण दाबल्याचा नुसता संदेश पाठवतो, आणि आतला कर्नल नियमाप्रमाणे कुणाचं तरी मन बदलण्याची वाट बघतो. पुढे २०२१ साली क्यूईएमयूच्या ६.१ आवृत्तीत क्यू३५ प्रकारच्या मशीनसाठी, वेगळं काही सांगितलं नाही तर एसीपीआय हा दुसरा मार्ग वापरायचा असं ठरलं. त्या मार्गात हे बटणच नाही, त्यामुळे ते ५ सेकंदही नाहीत.

हे कळल्यावर मला सगळंच थांबणं फुकटचं वाटायला लागलं. तो समज कर्नलमधल्या आरसीयू नावाच्या पद्धतीने घालवला. नेटवर्क कार्ड काढताना त्याची नोंद यादीतून लगेच पुसता येते. पण त्याच क्षणी दुसऱ्या एखाद्या कोअरवर कुणी ती नोंद वाचत असेल, तर त्याचं वाचून होईपर्यंत तिची मेमरी मोकळी करता येत नाही. केली तर सगळं मशीन कोसळू शकतं.

हे वाचताना आमचे आप्पा आठवले. ते वीज मंडळात लाइनमन होते. ११ केव्हीच्या फीडरवर चढायचं तर आधी सबस्टेशनमधून परमिट घ्यायचं, आणि त्या फीडरवरची सगळी परमिटं परत आल्याशिवाय ऑपरेटरने लाइन चार्ज करायची नाही. भर पावसात गावंच्या गावं अंधारात असोत, लोक फोनवर वाटेल ते बोलोत, तरी नाही. पॉल मॅकेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आरसीयू २००२ साली लिनक्सच्या २.५.४३ आवृत्तीत आली. तिचा नियम मला आप्पांमुळे पटकन उमगला, आणि आप्पा घरी उशिरा का यायचे तेही.

वेग वाढवायचा तो हे थांबणं न टाळता. कार्डं एकेक न काढता गठ्ठ्याने काढली, तर सगळ्यांसाठी मिळून थांबणं बरंच कमी होतं. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या कोअरना तातडीने विचारून वाचणारे लवकर मोकळे करून घ्यायचे. एरिक ड्युमाझे यांनी २०११ साली नेटवर्कच्या भागात ही तातडीची पद्धत आणली. त्यात इतरांच्या कामात क्षणभर व्यत्यय येतो, म्हणून ती जपून वापरावी लागते. मला स्वतःला गठ्ठ्याचा मार्ग जास्त पटतो.

सगळ्यात जवळचं ऋण मात्र पुण्याचं. व्हर्च्युअल मशीनच्या सीरियल पोर्टचा, म्हणजे व्हर्टिओ-कन्सोलचा ड्रायव्हर रेड हॅटच्या अमित शहा यांनी पुण्यातून सांभाळला. जुलै २०१३ मध्ये त्यांनी पोर्ट काढण्याबद्दलच्या दुरुस्त्या एकामागून एक पाठवल्या. त्यातल्या एका पॅचखाली अडचण पायरीपायरीने मांडली आहे. एखाद्या प्रोग्रामने पोर्ट उघडून ठेवलेला असतानाच तो काढून घेतला, आणि त्याच नावाचा नवा पोर्ट जोडायला गेलं, तर जोडता येत नसे. कारण शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत जुन्याच्या खाणाखुणा तशाच राहत. त्यांनी त्या काढण्याच्या क्षणीच पुसायची सोय केली. उघडून बसलेल्याला यापुढे वाचताना 'उपकरण नाही' असं उत्तर मिळावं, हेही त्याच मालिकेत आहे. कोणतं थांबणं गरजेचं आणि कोणतं नुसतं सवयीचं, हा निवाडा कसा करायचा ते मी इथे शिकलो. आज दुसऱ्याचा पॅच तपासताना मी आधी तेच बघतो.

हे सगळं मी वाचलं ते बहुतेक गावी. सुट्टीला आलो की मोबाइलला रेंज नसे, वीजही जाऊन येऊन. पण गिटने कर्नलची प्रत एकदा उतरवून घेतली की २००५ पासूनचा प्रत्येक बदल आणि त्यामागचं कारण आपल्या लॅपटॉपवर येतं. मग नेट लागत नाही.

शहापूर-मुरबाडकडची जी मुलं आज डिप्लोमा करताहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: कल्याणला किंवा ठाण्याला चांगलं नेट मिळेल तेव्हा ती प्रत उतरवून घ्या, आणि वाचायला सुरुवात पीसीआय हॉट-प्लगच्या फोल्डरपासून करा. पैसे लागत नाहीत, आणि कुणाची परवानगीही लागत नाही.