दिलीतला दुभाषी

गोव्यातल्या फोंड्यात वकिली करायची तर 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता चुकत नाही, म्हणून मी पोर्तुगीज शिकले. त्याच भांडवलावर 2013 मध्ये पूर्वी पोर्तुगीज वसाहत असलेल्या पूर्व तिमोरच्या न्यायसाहाय्य प्रकल्पात सल्लागार म्हणून राजधानी दिलीला गेले. न्यायालयात तिथली भाषा तेतुम कानावर पडली आणि अधूनमधून आमच्याकडच्या जुन्या दस्तांतले पोर्तुगीज शब्द ओळखू आले. वाटलं, इथं आपलं सहज जमेल.

इंडोनेशियाचं सैन्य आणि त्याचे हस्तक 1999 मध्ये देशाचा ताबा सोडून जाता जाता न्यायालयंसुद्धा जाळून गेले होते. कायदा तूर्त इंडोनेशियाचाच ठेवला, नवे कायदे पोर्तुगीजमध्ये आले आणि पक्षकार तेतुम बोलणारे, डोंगरातले तर माम्बाई. 2005 मध्ये तिथल्या न्यायाधीशांची परीक्षा झाली, सगळे नापास! मग खुर्च्यांवर परदेशी बसले.

मी साक्षीपुराव्यावर एक जाडजूड पुस्तिका लिहीत होते. अर्थात पोर्तुगीजमध्ये.

एक दिवस नवऱ्याच्या मारहाणीचा खटला ऐकायला बसले. न्यायाधीश पोर्तुगीज. बाई हातातला रुमाल पिळत तीनेक मिनिटं बोलली. दुभाषी म्हणाला, "मिटलंय म्हणते." एवढंच? सुट्टीत मी त्याला गाठलं. गावात मोठी चटई अंथरून जाणत्यांपुढे बैठक झाली होती, सासरच्यांनी डुक्कर दिलं होतं, पानसुपारी झाली होती. शेवटी बाई म्हणाली होती, अजून भीती वाटते. तेच नेमकं गळलं होतं.

"चटईवर मिटल्यावर भीतीचं काय सांगायचं, दोतोरा?" तो म्हणाला.

2010 च्या कायद्यानं घरातली मारहाण सार्वजनिक गुन्हा ठरते. चटईवर मिटली तरी खटला चालतोच. ती भीती न्यायाधीशाच्या कानावर जायलाच हवी होती, आणि माझ्या पुस्तिकेत दुभाष्याबद्दल अवाक्षर नव्हतं. दुपारी दुभाष्यानं स्वतःहून न्यायाधीशांना चूक सांगितली, नोंद दुरुस्त झाली. पुस्तिका मी बाजूला ठेवली. संध्याकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसू लागलो: तो तेतुम सांगे, मी पोर्तुगीज, आणि अडलं की दोघंही गप्प.

2014 च्या अखेरीस सरकारनं परदेशी न्यायाधीश आणि सरकारी वकिलांना 48 तासांत देश सोडायला सांगितलं. तेल कंपन्यांच्या करखटल्यांत सरकार हरलं होतं. पद्धत वाईटच होती. पण त्या खुर्च्यांवर आम्ही परदेशी लोकांनी इतकी वर्षं बसायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

वही त्याच्याकडेच आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिला शब्द 'ताउक', म्हणजे भीती.