सेलची क्षमता आणि उपकरणाची मागणी

लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणासाठी सेल निवडताना माहितीपत्रकातील क्षमतेचा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो. वास्तविक तो शेवटी पाहण्याजोगा असतो. खोलीचे तापमान ब्लूटूथवरून कळवणाऱ्या छोट्या तापमापकात पुष्कळदा वापरला जाणारा सीआर २०३२ हा बटण सेल याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या नावातील 'सी' लिथियम व मँगनीज डायऑक्साइड ही रासायनिक जोडी, 'आर' गोल आकार, तर अंक २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी दर्शवतात. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे एक मिलिअँपिअर प्रवाह २२० तास पुरवण्याइतकी असते. उपकरणाचा सरासरी प्रवाह २० मायक्रोअँपिअर धरला, तर साध्या भागाकाराने ११,००० तासांचे, म्हणजे सव्वा वर्षाचे आयुष्य निघते.

भागाकार बरोबर असतो, पण उपकरण सरासरीवर चालत नाही. ते बहुतेक वेळ निद्रिस्त असते आणि संदेश पाठवताना काही मिलिसेकंदांपुरते १० ते १५ मिलिअँपिअर मागते. सेलच्या आतच प्रवाहाला जो अडथळा होतो, त्याला अंतर्गत रोध म्हणतात, आणि सेल वापरला जाईल व थंडी वाढेल तसतसा तो वाढत जातो. हा रोध ५० ओहम झाला, की १५ मिलिअँपिअरच्या मागणीसरशी पाऊण व्होल्ट आतच खर्ची पडतो, २.७ व्होल्टच्या सेलमधून बाहेर १.९५ व्होल्टच येतात, आणि २ व्होल्टखाली बंद पडणारी चिप, सेलमधले रसायन शिल्लक असूनही, दर संदेशाला कोलमडते. मीटरवर मात्र तोच सेल ठणठणीत दिसतो, कारण मीटर त्याच्याकडे जवळपास काहीच मागत नाही.

यावर सेलला समांतर कपॅसिटर जोडून क्षणिक मागणी त्यातून भागवली जाते. उपाय चांगला आहे. मात्र निद्रिस्त अवस्थेत ३ मायक्रोअँपिअर घेणाऱ्या उपकरणाच्या कपॅसिटरमधून आणखी ३ झिरपू लागले, तर त्या अवस्थेतला खर्च दुप्पट होतो. दोन अल्कलाइन पेन्सिल सेल घेतले तर बहुतेक प्रश्नच मिटतो, पण उपकरण किती चपटे असावे हे सेलचा विचार होण्याआधीच ठरून गेलेले असते.

या चपटेपणाची दुसरीही किंमत आहे. बटण सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यातून प्रवाह वाहून अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. म्हणून ज्या उपकरणात सेलचे झाकण स्क्रूने किंवा तितक्याच पक्क्या रीतीने बंद होत नाही, त्याची रचना, आयुष्याचे गणित कितीही अचूक असले तरी, नापासच समजावी.